गहाणाची करवत

खंडेनवमीला आपण हत्यारांची पूजा करतो. आपण म्हणजे पुण्याच्या पेठांतली पांढरपेशी माणसे. आपली हत्यारे ती काय? विळी, अडकित्ता, एखादा पाना, आणि पाटाची शोभा वाढावी म्हणून ठेवलेले पेन. (लेखणीला शस्त्र म्हणवून घेण्याची आम्हां मास्तर लोकांना भारी हौस!) यंदा मात्र आमच्या पाटावर एक खरेखुरे हत्यार होते. सव्वीस इंच पात्याची सुताराची करवत.

करवत हा शब्द मोठा हिंडलेला आहे. मूळ संस्कृत करपत्र. सुश्रुताने शस्त्रक्रियेसाठी जी वीस शस्त्रे सांगितली, त्यांत करपत्र आहे. मुक्तीच्या आशेने काशीला जाऊन करवत घेणाऱ्यांच्या कथा आहेत, आणि विदर्भातल्या साड्यांना करवतकाठ आहे. आमच्या घरात तो शब्द माळ्यावर गोणपाटात गुंडाळून पडला होता. सदाशिव पेठेतला वाडा पाडून तिथे इमारत उठायची ठरली, सामान हलवू लागलो, तेव्हा हाती आला.

करवत आमची कशी, हेच प्रथम कळेना. आजोबांनी आयुष्यात भिंतीत खिळा मारल्याचे कोणी पाहिले नव्हते. उलगडा झाला तो त्यांच्या रोजमेळात. ऑगस्ट १९६१. ‘सुतार, करवत ठेवून, रु. १५.’ पुढे पैसे परत आल्याची नोंद नाही. सुताराचे नावही नाही.

साल वाचले आणि मी जरा थांबलो. १२ जुलै १९६१ ला पानशेतचे धरण फुटले. नदीकाठच्या पेठांत घरेच्या घरे वाहून गेली. दारे, खिडक्या, तुळ्या, सगळे नव्याने करायचे होते. त्या पावसाळ्यात पुण्यात सुताराइतकी गरज दुसऱ्या कोणाची असेल? आणि नेमक्या त्याच वेळी एक सुतार आपली करवत पंधरा रुपयांसाठी ठेवून गेला. आमचा वाडा वरच्या अंगाला. तिथे पाणी आले नव्हते.

आजोबा दिवाणी कोर्टात नाझराच्या हाताखाली कारकून होते. जप्तीचे कागद त्यांच्या हातून जात. १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेचे साठावे कलम कारागिराच्या हत्यारांना जप्तीतून वगळते, हे त्यांना पाठ असणार. आता गहाण म्हणजे जप्ती नव्हे, असा युक्तिवाद करता येईल. आजोबांनी तो स्वतःशी केलाही असेल. ज्या आजोबांच्या मांडीवर बसून मी मोरोपंतांच्या आर्या शिकलो, त्यांच्या अक्षरातली ती ओळ काही केल्या पुसली जाईना.

मग मी करवतीकडे वळलो. रॉकेल आता शहरात मिळत नाही. शिवणयंत्राच्या तेलावर भागवले. तेल लावून रात्रभर ठेवायचे, सकाळी बारीक पॉलिशपेपरने पात्याच्या लांबीच्या दिशेने घासायचे. आडवेतिडवे घासले की ओरखडे उठतात. चौथ्या दिवशी तांबूस चिखलाखालून राखी पोलाद दिसू लागले आणि शेफील्डची पुसट अक्षरे उमटली. तिथे हात आखडता घेतला. गंज काढण्याच्या भरात माणूस नावही काढून बसतो.

दातांचे काम मात्र माझे नव्हे. इंचाला सहा दात, म्हणजे सगळे मिळून दीडशेच्या वर. आधी सपाट कानस वरून फिरवून सगळ्यांची उंची एक करायची. मग एक दात डावीकडे, पुढचा उजवीकडे, असे किंचित वाकवायचे, म्हणजे खाच पात्याहून रुंद पडते आणि करवत लाकडात अडकत नाही. शेवटी तिकोनी कानशीने एकेक दात पाजवायचा. हल्लीच्या बहुतेक करवतींना हे भाग्य नाही. त्यांच्या दातांना इतके कडक पाणी दिलेले असते की कानस वरून घसरते; धार गेली की करवत फेकायची. जुनी करवत दर धारेला थोडी झिजते, पण जगते.

बोहरी आळीतल्या एका दुकानदाराने एका म्हाताऱ्या मिस्त्रींचा पत्ता दिला. त्यांच्या मुलाचे सगळे काम प्लायवूडचे आणि विजेच्या कटरचे. कानशी फक्त म्हाताऱ्यापाशी. त्यांनी पाते डोळ्यांसमोर आडवे धरले. कड मध्यावर पोटाशी खोल गेली होती. “माणसानं राबवलीय हिला,” ते म्हणाले. ती खोली पुरी काढायला निम्मे पाते खाली आणावे लागेल, तेव्हा थोडी राहू द्या, असा त्यांचा सल्ला. मी लगेच कबूल झालो.

आठवड्याने गेलो तेव्हा त्यांनी आमच्याच वाड्याच्या तुळईचा तुकडा कापून दाखवला. शंभर वर्षांपूर्वीच्या सागाला आतून अजून वास होता.

“सर, मूठ कोणी बसवली?”

“माहीत नाही. का?”

त्यांनी शिसवीच्या मुठीवरून अंगठा फिरवला. एका अंगाला लाकूड गुळगुळीत, खोलगट झाले होते. माझा उजवा हात त्यात नीट बसेना. मिस्त्रींनी करवत माझ्या डाव्या हातात दिली.

घरी आल्यावर मी रोजमेळ काढला, आणि त्या ओळीत ‘सुतार’ या शब्दापुढे पेन्सिलीने लिहिले : डावखुरा.