भाड्याऐवजी चित्रं चालतील!

एक तारीख उजाडली, हातात पैसे नाहीत, म्हणून तुम्ही घरमालकाला स्वतः काढलेलं चित्र दिलंत, तर तो काय म्हणेल? उत्तर सांगायलाच नको! पण न्यूयॉर्कमधल्या एका हॉटेलचा व्यवस्थापक अशी चित्रं खरोखर ठेवून घ्यायचा आणि लॉबीत, जिन्यात टांगायचा. त्या हॉटेलचं नाव चेल्सी.

मॅनहॅटनमध्ये तेविसाव्या रस्त्यावर, सातव्या आणि आठव्या ॲव्हेन्यूच्या मधे ही बारा मजली लाल विटांची इमारत उभी आहे. समोरच्या फुटपाथवरून वर बघा. बिडाच्या नक्षीदार गॅलऱ्या आधी नजरेत भरतात. १८८४ साली ती सहकारी तत्त्वावरची निवासी इमारत म्हणून उभी राहिली. पुढे ती योजना बुडाली आणि १९०५ साली तिचं हॉटेल झालं. पण इथे लोक दोन दिवसांसाठी यायचे आणि वर्षानुवर्षं राहायचे.

राहणारेही कसे! मेरिलिन मन्रोपासून वेगळे झाल्यावर नाटककार आर्थर मिलर इथे येऊन राहिले. आपल्या शेजारच्या श्रीलंकेत स्थायिक झालेले आर्थर सी. क्लार्क यांनी '२००१: अ स्पेस ओडिसी'चं लेखन इथल्या मुक्कामात केलं. बॉब डिलन इथे राहिला. लेनर्ड कोहेननं तर या हॉटेलच्या नावाचं गाणंच लिहिलं.

ही मंडळी इथेच का जमली? जाड भिंती हे एक कारण. एका खोलीत कुणी गात असलं तरी शेजारचा लिहू शकायचा. दुसरं आणि मोठं कारण म्हणजे व्यवस्थापक स्टॅन्ली बार्ड. वडिलांनंतर त्यांनी हॉटेल सांभाळलं. भाडं ते मागायचेच, पण कलावंताला थोडी सवड द्यायचे.

१९६९ साली बाविशीतली पॅटी स्मिथ आजारी मित्राला, रॉबर्ट मॅपलथॉर्पला, घेऊन इथे आली. दोघांना कुणी ओळखत नव्हतं. तिनं दोघांची चित्रं तारण म्हणून पुढे केली. आठवड्याला ५५ डॉलर भाड्यानं त्यांना हॉटेलमधली सगळ्यांत लहान खोली मिळाली. पुढे ती मोठी गायिका-कवयित्री झाली, तो नामवंत छायाचित्रकार. त्या दिवसांवर तिनं लिहिलेल्या 'जस्ट किड्स' या पुस्तकाला २०१० साली अमेरिकेचा नॅशनल बुक अवॉर्ड मिळाला.

सगळंच गोड नव्हतं. दारू आणि अमली पदार्थांनी इथल्या अनेकांना ग्रासलं. कवी डिलन थॉमस १९५३ साली इथे राहत असतानाच आजारी पडला आणि काही दिवसांत रुग्णालयात वारला. १९७८ साली इथल्या एका खोलीत एका तरुणीचा खून झाला.

मग शहरातल्या जागांचे भाव चढत गेले. २००७ साली बार्ड यांना व्यवस्थापनातून बाजूला व्हावं लागलं. २०११ साली हॉटेल पाहुण्यांसाठी बंद झालं आणि दुरुस्ती दशकभर रेंगाळली. काही जुने भाडेकरू मात्र धूळ आणि ठोकाठोक सोसत तिथेच राहिले. काढून टाकलेल्या खोल्यांच्या दारांचा २०१८ साली लिलाव झाला. बॉब डिलनच्या खोलीचं दार एक लाख डॉलरला गेलं!

२०२२ साली चेल्सी पुन्हा उघडलं, पण आता ते महागडं हॉटेल आहे. खिसा रिकामा असलेली बाविशीची मुलगी आज तिथे राहू शकणार नाही. कलावंत मोठा झाला की आपण त्याच्या दारालाही लाख मोजतो. त्याला खरी गरज असते ती त्याआधी, एका स्वस्त खोलीची आणि थोडं थांबायला तयार असलेल्या माणसाची.

न्यूयॉर्कला गेलात, तर तिथे राहायलाच हवं असं नाही. प्रवेशद्वाराजवळच्या धातूच्या पाट्यांवर इथे राहिलेल्या लेखकांची, कवींची नावं आहेत. ती वाचायला पैसे पडत नाहीत. आणि वाचून झाल्यावर आपल्या गल्लीतल्या, भाड्याच्या खोलीत रियाज करणाऱ्या मुलाकडे जरा वेगळ्या नजरेनं बघा.