वाटेत जेवायचं कुठं?

मुलांनो, परीक्षा संपली आणि निकालाचा कागद हातात पडला, की घरोघरी एकच विषय निघतो : समुद्रावर कधी जायचं? आपल्या शहापूर-मुरबाडच्या मुलांना डोंगराचं काही नवल नाही. शहापूरच्या डोक्यावर माहुली उभाच आहे. मुरबाडच्या पोरांना सिद्धगड, गोरखगड म्हणजे जणू परसातले सोबती! समुद्र मात्र लांब. त्यासाठी बाबांची रजा हवी, मामाची गाडी हवी आणि आजीचे गुडघे बरे हवेत. एवढं सगळं जुळून गाडी निघाली, की अर्ध्या तासात मागच्या सीटवरून दोन आरोळ्या येतात. पहिली, "अजून किती लांब?" आणि दुसरी, "भूक लागली!"

पहिल्या आरोळीचं उत्तर रस्त्याकडेच्या दगडावर लिहिलेलं असतं. दुसरीचं उत्तर तसं कुठं लिहिलेलं नसतं. ते शोधावं लागतं. कसं शोधायचं, ते आज पाहू या. त्यासाठी शहापूरहून थेट मुरूडच्या किनाऱ्यापर्यंत जाऊन येऊ. चला, बसा गाडीत!

शहापूरहून किन्हवली, सरळगाव करत आपण मुरबाडला येतो. सरळगावहून माळशेजच्या बाजूला वळलं, तर वैशाखरे गाव लागतं. तिथून नाणेघाटाची पायवाट चढते. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी, सातवाहन राजांच्या काळात, कल्याण आणि सोपारा या बंदरांवरचा माल याच घाटाने जुन्नरकडे जाई आणि तिकडचा माल खाली बंदरावर येई. घाटमाथ्यावर एक मोठा दगडी रांजण आहे. तो जकातीचा रांजण, असं सांगतात. म्हणजे आपला मुलूख हा किनारा आणि देश यांच्या मधला जुना रस्ताच आहे बरं का! त्या वाटसरूंनाही भूक लागत असेलच की. पण वाटेत हॉटेल कुठलं? कमरेला शिदोरी बांधायची आणि पाणी दिसेल तिथं सोडायची.

शिदोरीचा हा धडा आजही उपयोगी आहे. सकाळचं पहिलं खाणं घरचंच घ्यावं. तांदळाची भाकरी, लसणाची चटणी आणि सोबत कांदा. दुधात पीठ भिजवून केलेली दशमी तर दिवसभर मऊ राहते. वळणावळणाच्या रस्त्यावर ज्यांना मळमळतं, त्यांनी निघताना पोट गच्च भरू नये आणि अगदी रिकामंही ठेवू नये. पाण्याच्या बाटल्या घरून भरून घ्याव्यात. प्रवासात पोट बिघडलं, तर पुष्कळदा दोष पाण्याचा किंवा न धुतलेल्या हातांचा निघतो.

मुरबाडहून म्हशावरून आपण कर्जतकडे निघतो. म्हशाची पौष पौर्णिमेची जत्रा आणि गुरांचा बाजार तुम्हाला माहीत आहेच. मे महिन्यात या रस्त्याच्या कडेला झाडाखाली बायका बसलेल्या दिसतात. पुढ्यात टोपली. टोपलीत काळीभोर करवंदं, कधी जांभळं, कधी रानातले आंबे. पानाचा द्रोण करून त्यात भरून देतात. इथं गाडी थांबवा असं मी म्हणेन. का, ते सांगतो.

करवंदाची जाळी कधी जवळून पाहिली आहे? एकेका फळाला राखणदार म्हणून काटे असतात. फळ तोडलं, की पांढरा चीक हाताला लागतो आणि तो धुऊनही लवकर जात नाही. टोपलीभर करवंदं हवी असतील, तर दिवस उगवायच्या आत डोंगर चढावा लागतो. मग ती टोपली डोक्यावरून खाली आणायची आणि उन्हात बसून विकायची. आमच्या शाळेतल्या काही मुली सुट्टीत आईबरोबर असंच बसतात. त्या टोपलीतून जूनच्या वह्या येतात, कधी छत्री येते.

आता पालकांसाठी दोन शब्द. आपण दुकानातून पाण्याची बाटली घेतो. तिच्यावर छापलेली किंमत मुकाट्यानं देतो. पाचशे मीटरवर करवंदांचा द्रोण घेतो आणि तिथं मात्र म्हणतो, "कमी करा, मावशी!" मुलं मागच्या सीटवर बसून हे ऐकत असतात. भाव करायला शिकवणं चांगलंच. पण कुठं करायचा आणि कुठं नाही, हेही त्यांना आपल्याकडूनच कळतं.

पुढे कर्जत. हे गाव वड्यासाठी प्रसिद्ध आहे. याचं कारण गमतीचं आहे. मुंबईहून पुण्याकडे जाणाऱ्या गाड्यांना पुढचा बोरघाट चढायला एकट्या इंजिनाचं बळ पुरत नाही. म्हणून बऱ्याच गाड्यांना कर्जतला मागून जादा इंजिनं जोडतात. तेवढा वेळ गाडी थांबते. गाडी थांबली, की माणसांना भूक लागते आणि भूक लागली, की वडा लागतो! पाहा, एका पदार्थाचं नाव होण्यामागे कधी कधी रेल्वेचं इंजिनही असतं.

वडा खाताना एवढं बघायचं : तो आपल्यासमोर कढईतून निघतोय ना? गरम, नुकता तळलेला पदार्थ साध्या टपरीवरचाही बहुधा चालतो. सकाळपासून काचेच्या कपाटात बसलेला पदार्थ मोठ्या हॉटेलातलाही नको. चिरून ठेवलेली फळं आणि उघडी चटणी यांना लांबूनच नमस्कार करावा. हॉटेलवाल्याकडे अन्नसुरक्षेचा परवाना किंवा नोंदणी असावी लागते आणि ती दिसेल अशी लावावी लागते. तुम्हाला वाचता येतं ना? मग आत शिरताच ती शोधण्याचं काम तुमचं.

खोपोली मागे टाकून पाली येते. अष्टविनायकांपैकी बल्लाळेश्वर तो इथला. पुढे वाकणला मुंबई-गोवा महामार्ग लागतो. महामार्गावर हॉटेलं पुष्कळ, पाट्याही मोठमोठ्या. पण पदार्थांची यादी हातात घेतली, की नाशिकच्या रस्त्यावर जे, तेच इथं. पनीरची भाजी, तंदुरी रोटी, नूडल्स. हे पदार्थ वाईट असतात असं नाही. मलाही आवडतात. पण तो घास तुम्ही कुठल्या गावात खाताय, हे त्या घासाला माहीतच नसतं!

म्हणून मी माझ्या वर्गाला तीन प्रश्न शिकवले आहेत. जेवायला बसण्यापूर्वी ते नम्रपणे विचारायचे. हे कुठलं? हे आज केलंय का? हे कुणी केलंय? ज्या ठिकाणी तिन्ही उत्तरं पटकन आणि आनंदानं मिळतात, तिथं खुशाल पाट मांडा.

हिवाळ्यात या बाजूला आलात, तर रायगडातली पोपटी खायला विसरू नका. मडक्यात वालाच्या ताज्या शेंगा भरतात, भांबुर्ड्याचा पाला घालतात आणि मडकं उपडं ठेवून भोवती जाळ करतात. पाण्याचा थेंबही लागत नाही. शेंगा आपल्याच वाफेवर शिजतात. "हे कुठलं?" असं विचारलंत, तर सांगणारा समोरच्या शेताकडे बोट दाखवील. उन्हाळ्यात अलिबागच्या बाजूला पांढऱ्या कांद्याच्या माळा टांगलेल्या दिसतील. या कांद्याला भौगोलिक मानांकन मिळालं आहे. म्हणजे हे नाव त्याच भागात पिकलेल्या कांद्यालाच लावता येतं. चवीला तो इतका गोडसर, की नुसता भाकरीबरोबर खावा.

रोह्याहून कुंडलिका नदीच्या सोबतीनं साळावला आलो, की नाकाला खारा वारा लागतो. समोर पुलापलीकडे रेवदंडा. डावीकडे वळलं, की कोर्लई, काशीद, नांदगाव आणि मग मुरूड. इथं माशांचं जेवण. खानावळीत शिरल्याबरोबर "पापलेट आहे का?" असं विचारू नका. "आज काय आलंय?" असं विचारा. पहिल्या प्रश्नाला बर्फातला मासाही उत्तर देतो, दुसऱ्याला फक्त ताजा! कधी मांदेली आलेली असते, कधी बांगडा, कधी ओले बोंबील. हे मासे पापलेटाहून स्वस्त पडतात आणि चवीला कुठं कमी नसतात.

पापलेटावरून एक गोष्ट आठवली. २०२३ साली महाराष्ट्राने रुपेरी पापलेटाला राज्यमासा म्हणून जाहीर केलं. शेकरू हा जसा आपला राज्यप्राणी, तसाच हा राज्यमासा. पापलेट कमी मिळू लागलं, हे त्यामागचं एक कारण होतं. अंडी घालण्याआधीच पिल्लं जाळ्यात आली, तर पुढच्या वर्षी समुद्रानं पापलेट आणावं कुठून? तेव्हा ताटात तुमच्या तळहाताएवढंही नसलेलं पापलेट येणार असेल, तर दुसरं काहीतरी मागवा. तसंच १ जून ते ३१ जुलै या काळात यांत्रिक होड्यांना मासेमारीची बंदी असते. माशांना वाढायला आणि समुद्राला विसावा मिळायला ती हवीच. त्या दिवसांत किनाऱ्यावर सुरमईचा हट्ट धरणाऱ्याला बहुधा साठवणीतलीच मिळणार.

मासे न खाणाऱ्यांनी तोंड वाकडं करायचं कारण नाही. आगरदांड्याहून गाडीसकट बोटीत चढा आणि खाडी ओलांडून दिघीला उतरा. तिथून दिवेआगर आणि श्रीवर्धन जवळ. नारळी-पोफळीच्या वाड्या आणि वाडीतच घर. अशा पुष्कळ घरांतून घरगुती जेवण मिळतं. वालाचं बिरडं, फणसाची भाजी, तांदळाची भाकरी, सोलकढी आणि आधी सांगितलं असेल, तर उकडीचे मोदक. इथं दूर कशाला, पानातला नारळ मागच्या दारच्या झाडाचा असतो. मात्र अशा घरी आयत्या वेळी दहा माणसं जाऊन उभी राहिली, तर त्या काकूंनी काय करावं? सकाळीच फोन करून किती ताटं हवीत ते सांगावं. आणि तासभर लागला, तर कुरकुर करू नये. आपल्या घरी तरी मोदक पाच मिनिटांत होतात का?

असं दोन दिवस खाऊन-पिऊन, पायाला वाळू घेऊन आपण परत निघतो. आता खरा प्रश्न. समजा, दिवेआगरच्या त्या घरातली तुमच्याएवढी मुलगी आई-बाबांबरोबर गाडीत बसून आपल्याकडे आली. शहापूरच्या नाक्यावर किंवा मुरबाडच्या एस.टी. स्टँडजवळ उतरली आणि आपलेच तीन प्रश्न तिनं आपल्याला विचारले. हे कुठलं? आज केलं का? कुणी केलं? तिच्यापुढे काय ठेवाल?

आपल्याकडे आहे का काही? आहे तर! नाचणीची भाकरी आहे. वरी आहे. पहिल्या पावसाच्या सुमाराला उगवणारी शेवळं आहेत. ती घशाला खाजतात म्हणून काकडाची आंबट फळं घालून शिजवायची असतात. कुर्डू, टाकळा, भारंगी, कंटोली या रानभाज्या आहेत. यातली कुठली भाजी कधी खुडायची, कुठलं पान विषारी, हे आपल्या ठाकूर, कातकरी, महादेव कोळी आजीबाईंना पाठ असतं. (तुम्ही मात्र मोठ्यांना दाखवल्याशिवाय रानातलं पानही तोंडात घालायचं नाही!) पण नाक्यावरच्या हॉटेलांच्या पाट्या वाचत चला. पाव आहे, नूडल्स आहेत. शेवळं, नाचणी क्वचितच दिसतील. घरी खातो तेच बाहेर पाहुण्यांना द्यायला आपण लाजतो की काय?

आणि आता तर रस्तेही बदलत आहेत. मुंबई-नागपूर समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटरचा. त्याचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा जून २०२५ मध्ये सुरू झाला. तो शहापूर तालुक्यातूनच जातो. रस्ता छान आहे, वेळ वाचतो, आजारी माणूस लवकर मोठ्या इस्पितळात पोहोचतो. पण त्या रस्त्याच्या कडेला टोपली घेऊन बसता येत नाही आणि गाडीही मध्येच थांबवता येत नाही. जो वेगानं निघून जाईल, त्याला करवंदं आणि शेवळं आपल्याकडे होती हे कळणारही नाही. ज्याला गिऱ्हाईक नाही, ते शेतात कोण पेरणार? रानातून कोण आणणार? आजीनंतर ते ओळखणार तरी कोण?

म्हणून या सुट्टीत एक काम करा. चाळीस पानी वही घ्या. तिला "खाऊची वही" म्हणा. प्रवासात जिथं जिथं खाल, तिथं गावाचं नाव, पदार्थाचं नाव आणि तीन प्रश्नांची उत्तरं लिहा. आवडलं नाही तर तेही लिहा, पण का ते सांगा. वहीची शेवटची चार पानं मात्र कोरी ठेवा. घरी आल्यावर आजीजवळ, नाहीतर शेजारच्या म्हाताऱ्या मावशीजवळ बसा आणि आपल्या गावाचा एक पदार्थ तिच्या तोंडून उतरवून घ्या. साहित्य, कृती, कुठल्या महिन्यात करतात, सगळं. मग तो एकदा आईबरोबर करून पाहा. शाळा सुरू झाली, की वही बाईंना, गुरुजींना दाखवा.

काय, लिहाल ना?