साजगांवचें घर आणि फ्रेंच खेडें

कर्जतेहून निघालेली आगगाडी खोपोलीस येऊन थांबते. पुढें बोरघाटाची भिंत उभी असल्यामुळें तिला वाटच नाहीं. तेथून साजगांव अगदीं जवळ. कार्तिक वद्य एकादशीस येथें विठोबाची यात्रा सुरू होते. तुकाराम महाराज मिरचीच्या व्यापारासाठीं इकडे उतरले होते, अशी या स्थानाची आख्यायिका आहे. यात्रेंत सुक्या मासळीचा बाजार एवढा मोठा भरतो कीं, प्रत्यक्ष देवासच लोक ‘बोंबल्या विठोबा’ म्हणतात. आमच्या आजीच्या तोंडीं हें नांव कधींच आलें नाहीं. ती ‘साजगांवचा देव’ एवढेंच म्हणे, आणि वारा फिरला म्हणजे पदर नाकाशीं धरून हात जोडी.

यंदा यात्रेच्या दिवसांत मी तेथें गेलों तो केवळ दर्शनासाठीं नव्हे. आमचें वडिलार्जित घर गांवांत आहे. वडील बंधु जाऊन बरीच वर्षें झालीं. आतां तेथें वहिनी एकट्याच राहतात. त्यांना ब्याऐंशीवें वर्ष चालू आहे. त्यांचा मुलगा मुंबईस असतो. घर नीट करून मुलांबाळांसह येऊन-जाऊन राहावें, अशी त्याची इच्छा. २००२ सालीं द्रुतगतिमार्ग पुरा झाल्यापासून कर्जत-खालापुराकडे शहरवासीयांचीं फार्महाऊसें पुष्कळ उठलीं आहेत. त्यांतलेंच एक पाहून त्याच्या मनांत ‘फ्रेंच कंट्री’ नांवाची सजावट भरली. फ्रान्सच्या दक्षिणेस प्रोव्हान्स म्हणून प्रांत आहे. तेथील शेतकऱ्याच्या घराचा थाट आपल्या घरीं आणावयाचा, अशी ती कल्पना. नकाशे व चित्रें माझ्यापुढें ठेवून तो म्हणाला, “काका, आईला तुम्हीच समजावून सांगा.”

समजावावयाचें तर आधीं स्वतः समजून घेणें प्राप्त होतें. चित्रें पाहूं लागलों तों नवल वाटलें. चुन्यानें गिलावा केलेल्या जाड भिंती, माथ्यावर उघड्या ओबडधोबड तुळया, पायाखालीं भाजक्या मातीच्या षट्कोनी तांबड्या फरशा, भिंतीशीं उंच कपाट, चुलीजवळ टांगलेलीं तांब्याचीं भांडीं, आणि मध्यें जेवणाचें लांबलचक मेज. मेज वगळलें तर आमच्या माजघरांत काय निराळें आहे? तुळया आहेत, फडताळ आहे, तांब्याचा बंब आहे.

सर्वांत मौज छपराची. प्रोव्हान्सच्या घरांवर अर्धगोल कौलें असतात, एक उताणें, एक उपडें. हीं तर आपलीं नळीचीं कौलें! आमच्या आजोबांनीं तीं काढून मंगलोरी कौलें घातलीं. कारण नळीच्या कौलांचें छप्पर दर वर्षीं पावसाळ्यापूर्वीं शाकारावें लागे, आणि वानरांची एक टोळी येऊन गेली कीं सारी मेहनत फुकट. आतां तें मंगलोरी कौल मूळचें कोठलें? एकमेकांत अडकणारें चपटें कौल गिलार्डोनी नांवाच्या बंधूंनीं फ्रान्सच्या आल्सास प्रांतांत १८४१ सालीं काढलें. त्याच जातीचीं कौलें बासेल मिशनच्या लोकांनीं १८६५ पासून मंगळूरास करण्यास आरंभ केला. म्हणजे तीन पिढ्या आमच्या डोक्यावर फ्रेंच कौल आहे, आणि पुतण्या तें उतरवून फ्रेंचांच्या नांवानें आपलेंच टाकलेलें कौल परत चढवूं पाहतो!

हें सांगितलें तेव्हां तो हंसला; पण नकाशांतला उतार पाहून मला हंसूं येईना. प्रोव्हान्सांत वर्षाकांठीं सहाशें-सातशें मिलिमीटर पाऊस. येथें घाटाच्या तोंडाशीं त्याच्या चौपट-पांचपट, आणि तोही चार महिन्यांत. तिकडील छपराचा उतार सौम्य ठेवितात, नाहींतर नुसतीं मांडलेलीं कौलें घसरतील. तो उतार येथें ठेवला तर आषाढांत माजघरभर पातेलीं मांडून बसावें लागेल. तिकडे भय आहे तें उत्तरेकडून सुटणाऱ्या मिस्त्राल वाऱ्याचें. म्हणून शेतकरी घराची पाठ उत्तरेस करितो व त्या अंगास खिडक्या फारशा ठेवीत नाहीं. आमच्याकडे पडवी आहे ती त्याच न्यायानें, भिंतीस झड लागूं नये म्हणून. नकाशांत पडवी नव्हती! ती जेथल्या तेथें राहील, एवढें मीं त्याच्याकडून कबूल करून घेतलें. कौलांचा हट्टही त्यानें सोडला.

संध्याकाळीं वहिनींपुढें बैठक बसली. पुतण्यानें पडद्याच्या कापडाचे नमुने सोडले. पांढऱ्यावर तांबडी वेलबुट्टी. “आई, हें खास फ्रेंच आहे.” वहिनींनीं कापड बोटांत चोळून पाहिलें, मग उठून आंतून एक गोधडी आणली व शेजारीं पसरली. गिरणींतलें साधें चीट, धुवून धुवून विरलेलें. पण वेलीचें वळण तेंच.

यांत आश्चर्य नाहीं. फ्रेंच कंपनीची हिंदुस्थानांतील पहिली वखार १६६८ सालीं सुरतेस निघाली. आपल्याकडील रंगविलेलें व छापील सुती कापड फ्रान्सांत इतकें खपूं लागलें कीं, तेथील रेशीम व लोंकर विणणाऱ्यांनीं ओरड केली आणि १६८६ सालीं सरकारनें तें आणण्यास व तेथें छापण्यास बंदी घातली. ती १७५९ पर्यंत टिकली. ती उठल्यावर दुसऱ्याच वर्षीं ओबेरकांफ नांवाच्या गृहस्थानें व्हर्सायजवळ झुई गांवीं कापड छापण्याचा कारखाना काढला. प्रोव्हान्सच्या फुलाफुलांच्या कापडास तिकडे ‘आंदिएन’ म्हणजे ‘हिंदी’ म्हणतात. माझें हें व्याख्यान वहिनींनीं शांतपणें ऐकलें व विचारलें, “म्हणजे आपलेंच ना? मग एवढे पैसे कशाला, भावोजी?”

खरा प्रश्न पुढेंच होता. नकाशांत माजघर व स्वयंपाकघर यांमधील भिंत पाडली होती, आणि जातें दिवाणखान्यांत शोभेसाठीं नेलें होतें. भिंत वांचवावयाची असें मीं मनाशीं ठरविलें होतें. घराची मर्यादा, चुलीचा धूर, सोंवळें-ओंवळें, सारी तयारी करून आलों होतों. (चूल जाऊन गॅस आला त्यास किती काळ लोटला, हें त्या वेळीं मला सुचलें नाहीं.)

वहिनी म्हणाल्या, “जातें मात्र तिकडे न्यायचें नाहीं. मेतकुटाचें मी अजून त्याच्यावर दळतें. पाहुण्यांत बसून दळूं काय? भिंत खुशाल पाड.”

मीं मध्येंच कांहीं बोलूं गेलों, तेव्हां त्या माझ्याकडे वळल्या. “भावोजी, या घरांत मुलींचीं लग्नें ठरलीं, वाटण्या झाल्या, हे गेले त्या दिवशीं डॉक्टर काय म्हणाले, सारें मीं त्या भिंतीआडून ऐकलें. तुमचे ते फ्रेंच लोक कोठें जेवतात?”

“चूल असते त्याच खोलींत,” पुतण्या म्हणाला.

“मग तेवढें त्यांचें घे.”

मी शाळेंत असतांना त्या या घरांत आल्या. त्या भिंतीच्या अलीकडे पाटावर बसून मीं वर्षानुवर्षें जेवण केलें आहे. पलीकडून कोणी ऐकत आहे, असा विचार माझ्या मनास शिवला नव्हता. मीं तयार केलेलें भाषण मनांतच राहिलें.

दुसऱ्या दिवशीं सकाळीं गवंडी आला. भिंतींतला मधला खांब तुळईचा भार घेतो, तो काढतां येणार नाहीं, असें त्यानें ठोकून पाहून सांगितलें. तेव्हां भिंत जाईल, खांब राहील व जातें त्या खांबाशीं बसेल, असें ठरलें. मी गाडी गांठण्यासाठीं निघालों तेव्हां पुतण्या कोळशानें जमिनीवर जात्याची जागा आंखीत होता, आणि वहिनी, पाय पसरण्यास किती जागा लागते तें त्याला कळावें म्हणून, तेथें बसून दाखवीत होत्या.