‘कट’ला माणसं किती लागतात?

मागच्या महिन्यात वीकेंडला सावद्याला गेलो तेव्हा लॅपटॉप सोबत नेला होता. मंडळी, सध्या एक हौशी उद्योग चाललाय. इंग्रजीत वाक्य टाइप करायचं, की पडद्यावरचा बाहुला ते करून दाखवणार. नामं सोपी असतात हो, चित्र लावलं की झालं. घाम काढतात ती क्रियापदं.

बेथ लेव्हिन यांनी १९९३ साली ३,०००हून जास्त इंग्रजी क्रियापदांचे वर्ग पाडले, पण ते क्रियापद वाक्यात कसं वागतं यावरून. ॲनिमेशनवाल्याचा प्रश्न वेगळा: दिसतं काय? ‘ब्रेक’च घ्या. इंग्रजीत काठी, काच, दोरा, सगळ्यांना हा एकच शब्द चालतो. आपल्याकडे काठी मोडते, काच फुटते, दोरा तुटतो. चित्रं तीन, शब्दही तीन! (इथे उगाचच कॉलर ताठ झाली.)

उत्तर आयर्लंडच्या अल्स्टर विद्यापीठातले मिनहुआ मा आणि पॉल मॅककेविट यांनी २००४ मध्ये दिसण्यावरून क्रियापदांची वर्गवारी मांडली. क्रिया पडद्यावर दाखवायला कोण आणि काय काय लागतं, ते मोजायचं. मीही मोजलं. ‘कट’ला एक माणूस, एक हत्यार, एक वस्तू. वाक्यात सुरी नसली तरी चित्रात हवीच.

‘माणूस केळी कापतो’ असं इंग्रजीत टाकून अण्णांना दाखवलं. बाहुल्याने पाटावर मस्त चकत्या केल्या. अण्णा हसायला लागले. मग केळ्यांऐवजी घड टाकला. बाहुल्याने विळा मारला, घड धप्पकन खाली!

"अरे, धरायला कोणी नही का?"

घड आपटला की केळं काळं पडतं, व्यापारी भाव पाडतो. म्हणून एक जण कापतो आणि दुसरा खांदा देऊन उभा राहतो. आमच्याकडे ‘कापणे’त दोन माणसं असतात. हे मला कुणी सांगायची गरज नव्हती, बारावीपर्यंत तो दुसरा माणूस मीच होतो. मी पुण्याला आल्यापासून अण्णा त्या जागी मजूर लावतात. आणि प्रोग्रॅम लिहिताना ती जागाच मी साफ विसरलो.

रात्री दोनपर्यंत बसून दुसरा बाहुला घातला. सकाळी चहा घेता घेता अण्णांनी परत पाहिलं. घड अलगद खांद्यावर आला. बराच वेळ ते काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "त्याचा शर्ट बदल. पांढऱ्यावर केळीचा चीक पडला तर निघत नही."