पस्तीस कुठून आले?

शिक्षक व्हायचं तर आधी वाट ठरवावी लागते. पहिली ते पाचवीसाठी बारावीनंतर दोन वर्षांचं डी.एल.एड., वरच्या वर्गांसाठी पदवीनंतर बी.एड. मला लहान मुलांनाच शिकवायचं होतं, म्हणून डी.एल.एड. निवडलं. माझ्या मैत्रिणीने बी.एड. केलं. 2018च्या नियमानुसार तिलाही प्राथमिकची दारं उघडी होती. ऑगस्ट 2023मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने ती बंद झाली.

डी.एल.एड.मध्ये मला सगळ्यात जास्त दिलं ते सराव पाठांनी. दुसरीच्या वर्गावर हातच्याची वजाबाकी घेत होते. 42 वजा 17. एका मुलीने पाटीवर 35 लिहिले. खालच्या सातातून वरचे दोन काढून ती मोकळी झाली होती. तिला दहा-दहा काड्यांचे चार गठ्ठे आणि दोन सुट्या काड्या दिल्या. म्हटलं, "यातल्या सतरा मला दे." तिने एक गठ्ठा दिला. सुट्या सात कुठून आणायच्या म्हणून जरा घुटमळली, मग आपणच दुसऱ्या गठ्ठ्याचं रबर काढलं. उरलेल्या काड्या दोनदा मोजल्या आणि पाटी पुसली. मागे बसलेल्या मॅडमनी निरीक्षण वहीत लिहिलं, 'उत्तर सांगितलं नाही, हे चांगलं.' ती वही मी पदविकेच्या प्रमाणपत्रासोबतच ठेवली आहे.

पुढे टीईटी, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा. दीडशे प्रश्न, दीडशे मिनिटं, खुल्या प्रवर्गाला पात्रतेसाठी 90 गुण. त्यात निदान बालमानसशास्त्राचे तीस प्रश्न असतात. मग 2023ची अभियोग्यता चाचणी: दोन तासांत दोनशे प्रश्न, सगळा वेगाचा खेळ. त्या गुणांवर शिक्षक भरतीच्या पवित्र पोर्टलवर यादी लागली, जिल्हा परिषदेत निवड झाली आणि सोळा हजार मानधनावर शिक्षणसेवक म्हणून रुजू झाले. या भरतीत मुलाखतही नव्हती. मुलं शिकवताना मला कोणीही पाहिलं नाही, आणि हे मला आजही खटकतं. परीक्षा हवीच, पण यादीत नाव येण्याआधी उमेदवाराचा एक तरी पाठ कोणीतरी बघायला हवा.

सर्वोच्च न्यायालयाच्या सप्टेंबर 2025च्या निकालाने तर सेवानिवृत्तीला पाच वर्षांहून अधिक अवधी असलेल्या जुन्या शिक्षकांनाही दोन वर्षांत टीईटी उत्तीर्ण होणं बंधनकारक केलं. आमच्या शाळेतल्या एक बाई त्यात आल्या. पहिलीचं पोर जूनमध्ये रडत येतं आणि दिवाळीपर्यंत वाचायला लागतं, ही त्यांची ख्याती. शाळा सुटल्यावर मी त्यांना टीईटीसाठी बालमानसशास्त्रातले पियाजे आणि वायगॉट्स्की समजावून सांगते. प्रत्येक मुद्द्याला त्यांच्याकडे वर्गातल्या एखाद्या मुलाचं नाव तयार असतं. ती उदाहरणं मी लिहून घेते. यंदा पहिली माझ्याकडे आहे.