जामीनदाराचा पगार

"मामाचा सगळा पगार कोर्टाने जप्त केला" अशी बातमी आमच्या नातेवाइकांत फिरली होती. नाशिकच्या काकांचा तर फोन आला, घरात किराणा आहे ना म्हणून!

मंडळी, सगळा पगार जप्त होत नाही. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ६० प्रमाणे पहिले १,००० रुपये आणि उरलेल्याचे दोन तृतीयांश यांना हात लावता येत नाही. (पोटगीचा हिशोब वेगळा.) म्हणजे ४०,००० धरले तर जास्तीत जास्त १३,००० जातात, आणि तेही एका हुकूमनाम्यापोटी एकूण २४ महिनेच. निफाडला वकिलांनी हे सांगितले त्या रात्री मला नीट झोप लागली.

भाच्याच्या इंजिनिअरिंगसाठी २०१४ साली पाच लाखांचे शैक्षणिक कर्ज काढले. चार लाखांच्या वर गेले की तेव्हा जामीनदार लागायचा. मी सही केली, आजही करीन. पोराला नोकरी वेळेत लागली नाही, हप्ते थकले. कायद्याने जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच, आणि पक्का पगार माझा एकट्याचा. दाजींकडे पगार नाही, कांदा आहे.

तो कांदा विकून दाजी डिसेंबर २०२३ मध्ये मोठी रक्कम भरणार होते. ८ तारखेला निर्यातबंदी आली आणि लासलगावात भाव कोसळले.. असो.

कपातीची सवय झाली. ताईची झाली नाही. दोन दिवाळ्या ती माहेरी आली नाही. "कोणत्या तोंडाने येऊ?" म्हणायची.

२०२४ मध्ये कपात थांबली, बाकीचे भाच्याने पुण्याच्या पगारातून २०२५ मध्ये फेडले. बँक थोडी सूट देऊन 'सेटलमेंट' करायला तयार होती. मीच नको म्हटले. सिबिलच्या अहवालात मग 'क्लोज्ड'ऐवजी 'सेटल्ड' लागते, आणि पोराला उद्या घर घ्यायचे आहे.

पूर्ण फेडूनही बँकेने नोंद बदलली नाही. जामीनदाराच्या अहवालातही ते कर्ज दिसते, त्यामुळे मीही थकबाकीदार! वर्षातून एकदा फुकट मिळणारा अहवाल काढला, बँकेचा दाखला जोडून ऑनलाइन तक्रार टाकली. ३० दिवसांत निकाल लागला नाही तर रोज १०० रुपये भरपाई मिळते. काम सव्विसाव्या दिवशी झाले, शंभराची संधी हुकली :)

भाचा आता न सांगता दरमहा मला पाच हजार पाठवतो. परवा ताईने पुन्हा विचारले, "तुझे नेमके किती गेले रे?"

मी कांद्याचा भाव विचारला.