आळीपाळीने समुद्र

बाळ झाल्यावर स्कूबा बंद, हे मीच जाहीर केलं होतं, कोणी सांगायच्या आधी. गरोदरपणातली बंदी मला तेव्हाही पटली होती, आजही पटते. पोटातल्या बाळाचं बहुतेक रक्त फुफ्फुसांना वळसा घालून फिरतं. आई पाण्यातून वर येताना त्या रक्तात नायट्रोजनचे बुडबुडे झालेच, तर त्यांना अडवणारी गाळणी तिथे नसते. तेवढ्यापुरता वादच नाही. पण ती बंदी मी बाळंतपणानंतरही आपणहून पुढे ओढली. सासूबाई म्हणाल्या, “समुद्र काय पळून जातोय का गं?” मी मान डोलावली.

पावसाळा सरला, मालवणच्या होड्या पुन्हा सुरू झाल्या आणि नवरा निघाला. बॅग मीच भरून दिली. बाप झालेला माणूस अठरा मीटर खाली जाणार, याचं घरात कोणालाच काही वाटलं नाही. मलाही नाही! मग माझाच धोका एवढा मोठा कसा? या प्रश्नाशी माझा निर्धार डळमळला तो डळमळलाच.

डॉक्टरांना विचारलं. सिझेरियनचा टाका आतून नीट भरला पाहिजे, टाकी आणि शिशाचा पट्टा पेलण्याइतकं पोट सावरलं पाहिजे, त्यांनी तपासून हो म्हटलं की झालं. अंगावर पाजत असलं तरी हरकत नाही. विरघळलेला नायट्रोजन दुधातून बाळाला बाधत नाही. कोणी सांगत नाही ते वेगळंच: छाती दुधाने भरून आलेली असताना वेटसूटची चेन ओढणं म्हणजे काय, ते. तेव्हा आधी पाजायचं, मग सूट चढवायचा. आणि पाणी भरपूर प्यायचं, कारण अंगातलं पाणी कमी पडलं की डीकम्प्रेशनच्या, म्हणजे नायट्रोजनच्या बुडबुड्यांनी होणाऱ्या, आजाराचा धोका वाढतो, आणि पाजणाऱ्या बाईला ते पटकन कमी पडतं.

जागा निवडताना आता मी पाण्याचा नितळपणा बघत नाही, होडीचा वेळ बघते. नेत्राणी बेट सध्या बाद, मुर्डेश्वरहून जाऊन येईपर्यंत दिवस मोडतो. सिंधुदुर्ग किल्ल्याजवळच्या उथळ पाण्याला आम्ही पूर्वी नवशिक्यांचं म्हणून नाक मुरडायचो. आता तेच गोड वाटतं.

डाइव्हिंगमध्ये एक नियम आहे: कोणीही, केव्हाही, कारण न देता डाइव्ह रद्द करावी, बाकीच्यांनी विचारू नये. पूर्वी तो मला भित्र्यांची सोय वाटायचा. दात येणाऱ्या लेकीला रात्रभर खांद्यावर फिरवल्यावर, होडी तयार असताना “आज नको” म्हणताना, त्याची किंमत कळली.

एक गोष्ट मात्र गेली. आम्ही दोघं एकत्र शिकलो, नेहमी एकमेकांचे बडी, म्हणजे पाण्यातले जोडीदार. उतरण्याआधी त्याच्या हवेचा काटा मी बघायची, माझा तो. आता एकाला लेकीजवळ थांबावं लागतं, म्हणून माझ्याबरोबर प्रशिक्षक असतो. चुकल्यासारखं वाटतं, अजूनही.

नव्याने आई झालेल्या डायव्हर मैत्रिणींनो, डॉक्टरांचा होकार घ्या, पहिल्यांदा उथळ पाण्यातच उतरा, झोप झाली नसेल तर काठावर राहा. आणि नवराही डायव्हर असेल, तर एका वेळी एकानेच उतरा. आमच्याकडे लेक मोठी होईपर्यंत यात बदल नाही.